पहिला ठसा

रेवाप्पा तारदाळेची बायको सुगंधा गेली, त्या वेळी तो तिचीच गोष्ट सांगत होता.

सकाळचे अकरा वाजले होते. जुन्या कारखान्याच्या कट्ट्यावर पाच-सहा म्हातारे बसले होते. कारखाना आता नावालाच होता. तिथं पूर्वी अठ्ठेचाळीस साधे यंत्रमाग होते, आता गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून मिळतात. माग भंगारात गेले, कट्टा तेवढा राहिला. इचलकरंजीतले नवे माग बंद काचेच्या हॉलमध्ये चालतात आणि त्यांचा आवाज रस्त्यावर येत नाही. कट्ट्यावरच्या मंडळींचं दुखणं तेच होतं. गाव मुकं झालं, असं ते म्हणायचे.

"खंडेनवमीचा आदला दिवस," रेवाप्पा सांगत होता. "दुसऱ्या दिवशी मागांची पूजा, सगळं बंद. म्हणून त्या दिवशी माग नुसते बेफाम. मी जॉबर, सगळे माग माझ्या हाताखाली. लांबनं सुगंधेला म्हटलं, तुझा माग तुझ्यागतच हाय, मनात आलं तर चालतोय. आणि जी हसली म्हणतोस! डोकं मागं टाकून, कानाला हात लावून. कानात नवी फुलं घातली होती, मी आणलेली. मागाच्या धोट्याला आदल्या दिवशीच कुंकू लावून बसली होती. तसलं हसू आता बघाय मिळतंय का?"

"अठ्ठेचाळीस मागांच्या आवाजात तिला ऐकू कसं गेलं?" एकानं विचारलं. हा प्रश्न कुणीतरी विचारायचाच असायचा.

"ऐकायचं कुणाला रं? ओठ बघायचं!"

सगळे हसले. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. ज्यांनी तो दिवस पाहिला नव्हता त्यांनाही सुगंधाचं हसू डोळ्यांपुढं दिसायचं. एकटा जिन्नाप्पा मगदूम गोष्ट सुरू झाली तसा तंबाखू आणायला म्हणून उठून गेला होता. दोन वर्षं तो असंच करत होता.

तोच जिन्नाप्पा आता कोपऱ्यावरून धावत येताना दिसला. बहात्तर वर्षांचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून.

"रेवा, चल. वहिनीला गाडीनं ठोकलं."

कोपऱ्यावर बॅटरीवरचा टेम्पो उभा होता, कापडाच्या ताग्यांनी भरलेला. पुढच्या चाकाशी सुगंधा पडली होती. भाजीची पिशवी तिच्या हातातून सुटली नव्हती. टेम्पोवाला जमिनीवर बसून, अंगातला शर्ट काढून तिच्या डोक्याला दाबून धरत होता. शर्ट भिजून काळा पडला होता. पंचेचाळिशीचा असेल तो. संपत बिरांजे त्याचं नाव, हे रेवाप्पाला नंतर कळलं.

रेवाप्पानं सुगंधाकडं बघितलं नाही. टेम्पोच्या पायरीवर चाक खोलायचा पान्हा होता. तो त्यानं उचलला.

पहिला फटका संपतच्या डाव्या कानाखाली बसला. संपत आडवा झाला. दुसरा तोंडावर. दातांचा आवाज आला, फरशीवर कवड्या टाकाव्यात तसा. संपतनं हात वर केला तर तिसरा हातावर, आणि बोटं उलटी वळली. चौथा पुन्हा जबड्यावर. संपतच्या तोंडातून आता शब्द फुटत नव्हता, पण ओठ हालत होते. रेवाप्पानं आयुष्यभर ओठच वाचले होते. *हॉर्न मारला. दोनदा मारला.* त्याला ते स्वच्छ वाचता आलं. आणि वाचून त्यानं पाचवा मारला.

जिन्नाप्पा आणि आणखी तिघांनी त्याला मागून धरला, तेव्हा कुठं पान्हा सुटला.

मग तो सुगंधाकडं वळला. ती गेलेली होती. आधीच गेली होती की तो मारत होता त्या दोन-तीन मिनिटांत गेली, हे कुणालाच सांगता आलं नाही. तिच्या डोक्याला कापड दाबून धरणारा माणूस त्यानंच आडवा केला होता.

*

रेवाप्पाला दोन दिवस कोठडीत ठेवून जामिनावर सोडलं. घरी आला तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. कुणी पाया पडलं. कुणी म्हणालं, बरं केलंस, जित्ता सोडलास हेच लई. कट्ट्यावरच्या मंडळींनी बोर्ड लावला: मुक्या गाड्यांनी घेतलेला बळी.

बॅटरीच्या गाड्यांना मुळात आवाज नसतो. म्हणून कायद्यानं त्यांना एक खोटी घरघर बसवून दिलेली असते, आणि बरेच गाडीवाले ती काढून टाकतात. संपतच्या टेम्पोतली नोंद सांगत होती की घरघर चालू होती आणि धडकेआधी दोनदा हॉर्न वाजला. पोलीस म्हणाले, नोंदी मागाहूनही बदलतात. संपतला काही म्हणता येत नव्हतं. त्याचा जबडा तारेनं बांधला होता. त्यानं डाव्या हातानं पाटीवर लिहून दिलं: आवाज होता. बाई वळल्या नाहीत.

खटला एवढ्यावरच उभा होता. बाई का वळली नाही? आवाज असता तर वळली असती.

"मयताला ऐकू येत होतं का?" फौजदारानं रेवाप्पाला विचारलं.

"न यायला काय झालं? आदल्या दिवशी घंटाभर माझ्याशी बोलत बसली होती."

हेच त्यानं मग कोर्टापुढं शपथेवर सांगितलं, खाली सही केली, आणि संपत बिरांजेवर निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा गुन्हा पक्का झाला.

*

मुलगी वैजयंता बेळगावहून आली ती दिवस होईपर्यंत राहिली. पन्नाशीची बाई, शाळेत शिकवणारी, कमी बोलणारी. दिवसांचं सगळं आटोपलं आणि तिनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला.

"आबा, तुमी जबाबात काय सांगितलंय?"

"खरं तेच."

"आईला ऐकू येत न्हवतं."

रेवाप्पा हसला. "तुझं डोकं फिरलंय काय?"

"दोनी कान गेले होते. डावा पहिल्यापास्नं, उजवा हळूहळू. मी दहावीत होते तवा मला कळलं. मी मागनं हाका मारत होते आणि ती कांदा चिरत होती. तिनं शपथ घातली मला, तुमाला सांगायचं न्हाई म्हणून."

"मी पन्नास वर्सं संसार केला तिच्यासंगं!"

"व्हय. समोर बसून."

मागवाल्याच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. कारखान्यात हाक पोचतच नाही, तेव्हा माणसाला बोलवायचं तर सूत संपलेली रिकामी कांडी उचलून त्याच्या अंगावर टाकायची. ती लागली की तो वळतो, मग ओठांनी बोलायचं. हीच सवय घरात येते. रेवाप्पा सुगंधाला बोलवायचा ते शेंगेचं टरफल मारून. भांड्यांपाशी असली तर पायानं फरशीवर थाप द्यायचा. ती वळायची, त्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची. कारखान्यातल्या सगळ्याच बाया तशा बघायच्या. तिला पाठीमागून कधी काही बोलल्याचं त्याला आठवेना. एकदाही आठवेना.

"तू टेम्पोवाल्याची कड घ्यायलीस," तो म्हणाला.

"त्याला पोरंबाळं हायत. जबडा बांधलाय त्याचा. तुमी बांधाय लावलाय."

रेवाप्पाचा उजवा हात वर गेला. खांद्याच्या वर, मागं, पंजा उघडा. वैजयंता मागं सरली नाही. तिनं फक्त मान डावीकडं वाकवली आणि डोळे मिटले. हे तिनं इतक्या सवयीनं केलं की त्याचा हात हवेतच राहिला.

"कारखान्यात सगळ्यांदेखत हसली होती ती," तो खाली बसत म्हणाला. "मी बोललो आणि ती हसली. तुला दावतो मी. कोर्टालाबी दावतो."

*

कोल्हापुरात आठवणींचं ठसाकेंद्र सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. सरकारी केंद्रातला ठसा कोर्ट पुरावा म्हणून घेऊ लागलं होतं. लोक मात्र तिथं जायचे ते जुने दिवस पुन्हा बघायला. सांगलीचा एक माणूस लहानपणीची दिवाळी बघून घरी गेला आणि वडिलांच्या फोटोवर वरवंटा घातला. तरी रांग कमी होत नव्हती. प्रत्येकाला वाटायचं, आपली दिवाळी तशी नव्हती.

"नको जाऊस," जिन्नाप्पा म्हणाला. एसटीच्या थांब्यापर्यंत तो सोबत आला होता. "मी गेलो होतो. काय मिळत न्हाई तिथं."

"तू काय बघितलंस ते कधी सांगितलं न्हाईस."

"आपला कारखाना बघितला. दुसरं काय बघणार?" जिन्नाप्पानं तंबाखू थुंकली. "वहिनी गेल्या. जे हाय ते डोक्यात ऱ्हाऊ दे की रेवा. चांगलं हाय ते."

"त्येच आणाय चाललोय."

केंद्रातल्या डॉक्टर केतकी शिराळकर तरुण होत्या. त्यांनी घाई केली नाही.

"आबा, एखादी गोष्ट घडते तेव्हा मेंदूतल्या काही पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. ती जोडणी म्हणजे आठवण. पण आपण आठवण काढली की ही जोडणी काही तास सैल होते आणि मग परत घट्ट होते. घट्ट होताना त्या वेळचं मन तिच्यात मिसळतं. नंतर कळलेल्या गोष्टी, नंतरचा पस्तावा, दुसऱ्याच दिवसाचे तुकडे. म्हणजे जी आठवण सगळ्यात जास्त वेळा काढली ती सगळ्यात जास्त बदललेली."

"म्हंजे रफू."

"अगदी तेच. शंभरदा रफू केलं की मूळ कापड उरतच नाही, असं आधी वाटायचं. पण ते उरतं. पहिल्या वेळच्या पेशी मरत नाहीत, नुसत्या गप्प होतात. आम्ही एक औषध देतो, त्यानं नवं रफू काही तास थांबतं. मग कानाला न ऐकू येणाऱ्या लहरींनी त्या गप्प पेशी हलवतो. तुम्हाला तो दिवस दिसतो, आणि तुम्ही जे बघता त्याचं चित्र मेंदूच्या मागच्या भागातून आमच्या पडद्यावर उतरतं."

"आणि आवाज?"

"आवाज नीट येत नाही."

"तिथं आवाज नुसता खडखडाटच व्हता. ओठ दिसलं की झालं."

डॉक्टरांनी कागद पुढं केला. "एक गोष्ट समजून घ्या. पहिला ठसा एकदा जागा झाला की तोच वरचढ राहतो. आत्ता जी आठवण तुमच्याकडे आहे ती नंतर पुसट होत जाईल. आम्हाला ती परत आणता येत नाही. माणसं रडून मागतात, पण येत नाही."

"माझी हाय तशीच हाय," रेवाप्पा म्हणाला आणि सही केली.

त्या दिवसाची एखादी वस्तू आणायला सांगितली होती. त्यानं पिशवीतून धोटा काढला. मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारा, हातभर लांब, कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी अणी. माग भंगारात गेले तेव्हा एवढा एकच त्यानं ठेवून घेतला होता. दर खंडेनवमीला तो पाटावर मांडला जायचा. सुगंधा विळी, कात्री, मिक्सर, सगळ्याला हळदकुंकू वाहायची. धोट्याला मात्र कधी हात लावायची नाही. ते तुमचं, तुमीच वाहा, म्हणायची. जॉबरचा मान म्हणून ती असं करते, असं त्याला वाटत आलं होतं.

*

आधी वास आला. खळीचा, तेलाचा, घामाचा. मग खडखडाट. छातीला धक्का बसेल असा. मग उजेड.

तो एकोणतीस वर्षांचा होता. हातावरचे केस काळे होते. त्याला आनंदानं ओरडावंसं वाटलं. तोच कारखाना. त्याच ओळी. कट्ट्यावर सांगितला तसाच सगळा.

मग त्याला कळलं, की त्या एकोणतीस वर्षांच्या माणसाला आनंद झालेला नाही. तो पेटलेला आहे. मालकानं सकाळी चारचौघांत त्याची आयमाय काढली होती. पाच वाजायच्या आत शेवटचा तागा उतरायला हवा होता. आणि सुगंधाचा माग बंद होता.

धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांत मध्येच अडकून थांबला होता. दोनशे धागे तुटून लोंबत होते. सुगंधा वाकून एकेक गाठ मारत होती. तिच्या कानात काहीच नव्हतं. नुसती भोकं, आणि त्यांत काडी.

त्यानं कांडी उचलून तिच्या पाठीवर मारली. जोरात. ती वळली.

बहात्तर वर्षांचा रेवाप्पा आतून बघत होता. तिनं आधी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. तिनं त्याच्या हाताकडं बघितलं. आणि मान डावीकडं वाकवून डोळे मिटले. अजून काहीच झालं नव्हतं. म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं.

त्याच्या हातानं अडकलेला धोटा ओढून काढला. हात वर गेला, खांद्याच्या वर, मागं. त्यानं तो थांबवायचा प्रयत्न केला. ठशात थांबवता येत नाही.

पोलादी अणी डाव्या कानावर बसली.

तिचं डोकं मागं गेलं. तोंड पूर्ण उघडलं, दात दिसले, मान ताणली गेली. हात कानावर गेला. अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात किंकाळी कुणाला ऐकू येणार? ती हसताना दिसते तशीच दिसली. अगदी तशीच. मग तिच्या बोटांमधून लाल ओघळ कोपरापर्यंत आला. धोट्याची अणी लाल झाली होती.

तिनं दुसरा हात हलवून त्याचं लक्ष वेधलं. कारखान्याची रीत तिला तेव्हाही सुटली नाही. आणि ओठांनी, नीट दिसावं म्हणून सावकाश, म्हणाली, "ऐकू येईना. मला ऐकू येईना वो."

त्याचे ओठ त्याला दिसणार नव्हते, पण जीभ काय बोलली ते कळलं. मनात आलं तर चालतोय, असलं काही तो बोलला नव्हता. तो म्हणाला, "गाठी मार. पाचला तागा उतराय पायजे."

त्यानं मान फिरवली. पलीकडच्या मागावर जिन्नाप्पा उभा होता, काळे केस, तिशीच्या आतला. तो बघत होता. मग त्यानं खाली बघून आपल्या धोट्यात नवी कांडी भरली.

सुगंधा वाकली. रक्ताच्या बोटांनी तिनं धागा धरला आणि गाठ मारली.

*

जाग आली तेव्हा रेवाप्पाच्या तोंडात रक्त होतं. त्यानं जीभ चावली होती. त्याला धरायला दोन माणसं लागली, कारण तो उजवा हात खाटेच्या लोखंडी कडेवर आपटत होता. करंगळी मोडली होती.

"फुलं," तो म्हणाला. "कानातली फुलं."

"ती खरी असतील," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी पडद्यावर सगळं बघितलं होतं. "पण त्या दिवसाची नव्हेत. दुसऱ्या दिवसातून आणून इथं लावली मेंदूनं."

त्याला आठवलं. तिच्या कानाची पट्टी सुटली त्या दिवशी त्यानं ती फुलं आणली होती. तिनं घातली, आणि मरेपर्यंत काढली नाहीत. धोटा त्यानंच संध्याकाळी पाण्यानं धुतला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच अणीला कुंकू लावून हात जोडले होते.

त्यानं डोळे मिटून जुनं हसू आणायचा प्रयत्न केला. नुसतं उघडं तोंड आलं.

बाहेर बाकावर वैजयंता बसली होती. त्यानं तिच्यासमोर जाऊन, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून सांगितलं. तिला मागवाल्याच्या घरातलं ते येत होतंच. तिनं सगळं वाचून घेतलं.

"कान मागाच्या आवाजानं गेले म्हणाली होती मला," ती म्हणाली. "शेवटपर्यंत तेच म्हणाली."

ती त्याच्या जवळ आली नाही. त्याची मोडलेली करंगळी मात्र तिनं आपल्या रुमालानं बांधून दिली आणि बेळगावची गाडी धरली.

*

कट्ट्यावर तो तिसऱ्या दिवशी गेला. जिन्नाप्पा एकटाच होता.

"तुला ठावं व्हतं."

"तुझ्यागतच इसरलो व्हतो," जिन्नाप्पा म्हणाला. "तू सांगत ऱ्हायलास, मला बी तीच हसताना दिसाय लागली. ते हसू बघावं म्हणूनच गेलो मी केंद्रात. माझ्याबी ठशात तेच निघालं. म्या कांडी भरली ती बी दिसली."

रेवाप्पानं त्याची कॉलर धरली. दोघे म्हातारे कट्ट्यावरून खाली आले. जिन्नाप्पाचं डोकं बोर्डाच्या खांबावर आपटलं आणि भुवई फुटली. तो हात उचलेना. रेवाप्पानंच मग त्याला उठवून बसवला.

"दिवस चांगलं व्हतं म्हणतोय आपण," जिन्नाप्पा रक्त पुसत म्हणाला. "व्हतं की. आपल्याला व्हतं. बायास्नी कुणी इचारलंय? बोलाव कट्ट्यावर एखादीला आणि इचार."

मुक्या गाड्यांचा बोर्ड रेवाप्पानं त्याच दिवशी उपटून काढला.

दुसऱ्या दिवशी तो संपत बिरांजेच्या घरी गेला. तारा सुटल्या होत्या, पण जबडा वाकडाच बसला होता. दार त्याच्या बायकोनं उघडलं आणि ओळखताच आतून लाटणं आणलं. संपतनं तिला थांबवलं.

रेवाप्पानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही राखलं नाही.

संपत उठला. त्याची दोन बोटं अजून सरळ होत नव्हती, म्हणून त्यानं डावा हात वापरला. पंजा उघडून, सगळा जोर लावून, रेवाप्पाच्या कानाखाली. रेवाप्पा दारावर आदळला. कानात शिट्टी वाजायला लागली. पुढचं बोलणं त्यानं ओठांवरूनच वाचलं.

"हे माझं फिटलं. सोळाला माझी तारीख हाय. त्याआधी कोर्टात जाऊन सांग. तुझ्या बायकूला म्या हॉर्न मारला व्हता."

"वाचला व्हता म्या तुझ्या तोंडावर. त्या दिवशीच."

"आणि तरी मारलंस?"

"तरी मारलं."

*

जबाब बदलायचा तर कोर्टात एक अर्ज असतो. कारकून चांगला माणूस होता. चष्मा पुसून त्यानं रेवाप्पाला शेजारी बसवून घेतलं आणि एकेक रकाना वाचून दाखवला. मयताचं नाव. सुगंधा रेवाप्पा तारदाळे. नातं. पत्नी. ऐकू येत होतं का? नाही. पूर्वी वेगळं का सांगितलं? ठाऊक नव्हतं. बहिरेपण कधीपासून? रेवाप्पानं खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची तारीख लिहिली, वर्षासकट.

"कशामुळं?" कारकून म्हणाला.

रेवाप्पाचं पेन थांबलं.

"अहो, लिवा की आजोबा, मागाच्या आवाजानं. निम्म्या गावाचं तेच हाय. त्यात काय कुणी खोदून इचारणार न्हाई. टेम्पोवाला सुटला म्हणजे झालं."

पेन कागदाला टेकलं. मागाच्या आवाजानं. सुगंधानं स्वतः चाळीस वर्षं हेच सांगितलं होतं, त्याच्यासाठी. दोन शब्द लिहिले की संपत सुटत होता, त्याचं स्वतःचं मारहाणीचं प्रकरण मिटायला सोपं जात होतं, आणि केंद्रानं पुराव्यासाठी भरून दिलेली ठशाची डबी पिशवीतच राहत होती. पण ते लिहिलं तर रफूचा आणखी एक टाका पडणार होता, तिच्याच कानावर, त्याच हातानं. आणि खरं लिहायचं तर त्या हाताला शब्द जमत नव्हते.

"घरी न्हेऊन भरतो," तो म्हणाला.

"न्या. पण रकाना रिकामा ठेवू नका. रिकामा अर्ज घेत न्हाईत."

अर्ज घरी आहे, धोट्याच्या पाटावर. आज चौदा तारीख. बाकी सगळं भरून झालं आहे. कशामुळं, एवढं लिहायचं राहिलं आहे.